शामकलाबाईंचा अल्टरनेटर

शामकलाबाईंनी बॉनेट उचललं, आत वाकून पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून मुलाला अशी हाक मारली की गोठ्यातल्या म्हशीनंही मान वर केली.

"ओमेश! इकडं ये आधी. हा कोनाचा होय?"

ओमेश मोबाइल खिशात टाकत आला. सकाळीच ट्रॅक्टरला बांधून त्यानं अँबेसेडर गोंदियाच्या गॅरेजमध्ये नेली होती आणि दुपारी चालवत परत आणली होती. आई तेव्हा धानाच्या बांधीवर होती. तिला विचारायची गरज त्याला वाटली नाही.

"अल्टरनेटर होय, आई. नवा बसवून आनला. जुना बॅटरी चार्ज करत नोयता."

"आनं माहा जुना कोठी आहे?"

"भंगारात टाका म्हटलं मी. जळलेला अल्टरनेटर घरी आनून का पूजा करायची होती?"

शामकलाबाईंनी पुन्हा आत पाहिलं. कुठल्या तरी छोट्या गाडीचा चकचकीत अल्टरनेटर इंजिनाच्या कडेला लोंबत होता. तो जागेवर बसत नव्हता म्हणून लोखंडाची एक पट्टी ठोकून, भोकं पाडून त्याला कसाबसा अडकवला होता. पट्टा तिरका धावत होता. चाबीच्या स्विचपासून एक नवी पिवळी वायर काढून थेट त्याच्या पाठीत खोचली होती.

"हे अल्टरनेटर बसवनं होय का फाशी देनं?" त्या म्हणाल्या. "माह्या गाडीले हात लावायच्या आधी मले काऊन नाई विचारलं?"

ओमेश हसला. "गाडी कोन चालवते आता, आई? परवा गुलाबचंद काका येऊन राहिले पाहायले. चालती दिसली त बरं, म्हून केलं."

गुलाबचंद म्हणजे ओमेशच्या सासऱ्यांचे ओळखीचे. कोहमाऱ्याच्या पुढं हायवेला त्यांचा ढाबा होता. ढाब्यासमोर चबुतरा बांधून त्यावर एक जुनी गाडी उभी करायची, रात्री तिच्यावर रंगीत दिवे सोडायचे, म्हणजे येणारे-जाणारे फोटो काढायला थांबतील, असा त्यांचा बेत होता. ओमेशनं हे सगळं आईच्या कानावर घातलं होतं. आई काही बोलली नाही म्हणजे तिची हरकत नाही, असं त्यानं धरून चाललं होतं. खरं म्हणजे शामकलाबाईंना ती गंमत वाटली होती. आपली गाडी कोणी खरंच चबुतऱ्यावर चढवेल, हे त्यांच्या डोक्यात शिरलंच नव्हतं.

गाडी त्यांचीच होती. कागदावरही आणि कागदाबाहेरही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या नवऱ्यानं, दुधरामनं, गोरेगाव ते गोंदिया सवाऱ्या नेण्यासाठी ती घेतली. वर्ष-दोन वर्षांत दुधरामची पाठ धरली आणि स्टेअरिंग बाईंच्या हाती आलं. बाई गाडी चालवते म्हटल्यावर आधी गावातला एकही पुरुष बसेना. बाया मात्र बसू लागल्या. लग्नाचे कपडे घ्यायला, दवाखान्यात, माहेरी. मग एसटी चुकली की पुरुषही हळूच विचारू लागले, आणि बाई त्यांना मागं बसवायच्या, पुढची सीट बायांची म्हणून. दुधराम जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. सवाऱ्याही कधीच्या बंद पडल्या होत्या. पण दर रविवारी शामकलाबाई गाडी काढत, गोरेगावपर्यंत जाऊन परत येत. गेल्या महिन्यापासून ते जमेना. बॅटरी भरून आणली की दोन-तीनदा गाडी सुरू होई, मग मरे.

त्यांनी पदर खोचला. "चेतना, थो पाने-पक्कडीचा डबा आन बरं."

चेतना, त्यांची सून, डबा घेऊन इतक्या लवकर आली की ती दाराआडच उभी असावी. अर्जुनी मोरगावची पोरगी. लग्नात येताना स्वतःची स्कुटी घेऊन आली होती. चारचाकी शिकायची तिची फार इच्छा. लर्निंग लायसन्स तिनं काढलंही होतं. ओमेश म्हणे, स्कुटी आहे ना, पुरे झालं.

सासू-सुनेनं मिळून नवा अल्टरनेटर खोलून काढला. पट्टी काढली. ती पिवळी वायरही बाईंनी ओढून उपटली. "परक्याची एक वायर ठेवायची नाई," त्या म्हणाल्या. ओमेश दोनदा मधे बोलायला आला, दोनदा परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा अल्टरनेटर पिशवीत घालून शामकलाबाई चेतनाच्या स्कुटीवर मागं बसल्या आणि दोघी गोंदियाला निघाल्या.

गॅरेज शहराच्या कडेला, कुडव्याच्या अंगाला होतं. मालकाचं नाव रोशन. चाळिशीचा माणूस, बोलायला गोड, कानात सतत फोनचं बटण. बाईंनी पिशवी त्याच्या टेबलावर ठेवली.

"हा तुहा तू घे. माहा मले दे."

"अरे आंटीजी, वो तो जल गया था. आपके लडके ने ही बोला, भंगार में डाल दो."

"लडक्याची गाडी नोहे थे. माही आहे. भंगारवाला येऊन गेला का?"

रोशन क्षणभर गडबडला. "अभी नहीं आया."

"मंग अथीच असंल. काढ."

रोशननं आतल्या माणसाला खूण केली. गुड्डू नावाचा तो बारका, दाढी वाढलेला मिस्त्री मागच्या ढिगातून एक काळा, तेलकट अल्टरनेटर उचलून घेऊन आला आणि फरशीवर ठेवला. बाई खाली बसल्या. त्यांनी तो उलटा केला आणि त्याच्या शेपटीला चिकटलेल्या लोखंडी डबीवर बोट ठेवलं.

"हे का होय?"

गुड्डूनं मालकाकडं पाहिलं.

"व्हॅकम पंप होय हा. डिझेल गाडीच्या ब्रेकले लागते. माही गाडी पेट्रोलची. पेट्रोलच्या गाडीले हा कायले लागंन? दुसरा काढ."

चेतनानं हे कधी ऐकलं नव्हतं. सासूच्या खांद्यावरून ती पाहत राहिली. रोशन म्हणाला, सगळे एकसारखेच दिसतात, चूक झाली. गुड्डू पुन्हा गेला आणि दुसरा घेऊन आला. या वेळी घडण बरोबर होती. ॲल्युमिनियमचं तसंच शरीर, पुढचा पंखा तसाच, बोल्ट घालायचे कानही त्याच बाजूला. चेतनाला वाटलं, सापडला.

शामकलाबाईंनी चिंधी मागितली, रॉकेल मागितलं. रॉकेल नव्हतं, मग पेट्रोलवर भागवलं. कडेचा काळा थर पुसल्यावर धातूवर ठोकलेले आकडे दिसू लागले. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला.

"चेतना, वाच बरं हे. शेवटले दोन आकडे."

"शून्य, तीन."

"म्हंजे दोन हजार तीनचा. हे आकडे कंपनीत ठोकते. कोन्त्या आठवड्यात बनला अना कोन्त्या साली." त्यांनी रोशनकडं पाहिलं. "माही गाडी एक्यान्नवची. गाडी घरी आल्यावर बारा वर्सांनी बनलेला अल्टरनेटर तिच्यात कसा आला असंल, सांग बरं. माह्या गाडीत आजवर दुसरा पडलाच नाई."

"आंटीजी, इतना कौन देखता है?"

"मी पाहातो. घरचा पोरगा आनं बाजारातला पोरगा एकाच उंचीचे असले त का एकमेकांच्या घरी पाठवून देऊ?"

रोशनच्या आवाजातली गोडी संपली. त्यानं सांगितलं की त्याला काम आहे, तीन गाड्या उभ्या आहेत, आता काय ढिगाऱ्यात डुबकी मारू का? बाईंनी शेजारची प्लॅस्टिकची खुर्ची ओढली आणि गॅरेजच्या दारात, गाड्या आत-बाहेर करायच्या बरोब्बर वाटेवर ठेवून तिच्यात बसल्या.

"कर तुहं काम. मी बसतो."

"आंटीजी, रास्ता है ये."

"मले दिसून राहिलं."

एक जण मोटार घेऊन आला, हॉर्न वाजवून थांबला. दुसरा आला. रोशननं चेतनाला समजवायचा प्रयत्न केला: बहनजी, घर ले जाओ इनको. चेतनाला घाम फुटला होता. असं चारचौघांत उभं राहायची तिला सवय नव्हती. तरी ती सासूच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिली आणि खुर्चीच्या पाठीला तिनं दोन्ही हातांनी धरलं. "आमचा अल्टरनेटर द्या, आमी जातो," ती म्हणाली. आवाज बारीक निघाला, पण निघाला.

तेवढ्यात शामकलाबाईंना गुड्डूचं तोंड दिसलं. तो त्यांच्याकडं पाहत नव्हता, मालकाकडंही नाही. तो वर फळीकडं पाहत होता, आणि आपण तिकडं पाहतोय हे लक्षात येताच त्यानं मान फिरवली.

बाई उठल्या. फळीवर, ऑइलच्या डब्यांच्या मागं, चंदेरी रंग मारलेला एक अल्टरनेटर नव्या नवरीसारखा सजून बसला होता. त्यांनी तो स्वतः उतरवला. जड होता, चेतनानं खालून हात दिला. कडेला रंग जाड बसला होता. बाईंनी कमरेची किल्ली काढून तो खरवडला. आकडे वर आले. साल एक्क्याण्णव, आठवडा गाडी शोरूममधून निघायच्या थोडाच आधीचा.

रस्त्यावरचा मोटारवालाही हॉर्न वाजवायचं विसरला.

"जळलेल्या मालाले रंग काऊन मारला?" बाईंनी विचारलं.

रोशननं कानातलं बटण काढलं. नागपुरात एक शौकीन माणूस आहे, त्यानं अशीच अँबेसेडर नव्यासारखी करायला घेतली आहे, त्याला कंपनीचाच, त्याच सालाचा हवा आहे, असं त्यानं सांगितलं. "आपके लडके ने छोड दिया था. मैंने चोरी नहीं की." आणि मग जरा चिडून, "और सच बोल रहा हूँ, गाडी पे ये एक पॉइंट चार्ज नहीं कर रहा था. मीटर लगाके देखा मैंने."

हे शेवटचं वाक्य तो खरं बोलत होता, हे बाईंना कळलं. खोटं बोलताना माणूस चिडतो ते वेगळं.

"मंग अथी लावून दाखव," त्या म्हणाल्या. "माह्यासमोर."

गॅरेजात मोटरवर पट्टा चढवून अल्टरनेटर फिरवायची सोय होती. गुड्डूनं तो शिकंज्यात पकडला, बॅटरी जोडली, मागच्या बारीक टोकाला एक वायर टेकवली आणि बटण दाबलं. पंखा फिरू लागला. मीटरवरचे व्होल्टचे आकडे बारावरून सरकत चौदाला, म्हणजे नीट चार्जिंगला, गेले आणि तिथंच ठाम उभे राहिले.

रोशन वाकून पाहत राहिला. त्यानं मीटर बदलून पाहिला. तेच. "गाडी पे तो नहीं कर रहा था," तो पुन्हा म्हणाला, या वेळी स्वतःशीच.

"म्हंजे रोग गाडीत आहे. तू माह्या गाडीचं काळीज चांगलं असून काढून घेतलं." बाईंनी अल्टरनेटर पिशवीत घातला. "नागपूरवाल्याले सांगजो, थो गाडीसंगच राहते."

घरी आल्यावर दोघींनी तो बसवला. जुन्या बोल्टांत तो असा गपकन बसला की बाईंच्या तोंडावर हसू आलं. पट्टा अंगठ्यानं दाबून ताणला. वायरी जागच्या जागी. गाडी सुरू केली, ओमेशनं कपाटातला मीटर आणून दिला, आणि चेतनानं तो बॅटरीला टेकवला.

आकडा बारावरून हलला नाही. इंजिन जोरात केलं तरी नाही. हेडलाइट लावल्यावर तर तो खाली उतरू लागला.

ओमेश दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. तो ओरडला नाही, हसलाही नाही. "आई, झालं ना आता?" तो समजुतीनं म्हणाला. "गाडी थकली. तूही थकली. तिकडं लोकं पाहतील, फोटो काढतील. अथी उंदरं वायरी खाऊन राहिले."

तो चिडला असता त्यापेक्षा हे समजुतीचं बोलणं शामकलाबाईंना जड गेलं. त्या ड्रायव्हर सीटवर बसून राहिल्या. गॅरेजात त्यांचं चाललं, कारण तिथं समोर माणूस होता. इथं समोर नुसतं गप्प बसलेलं यंत्र होतं. विजेचं काम त्यांना गोरेगावच्या यादोरावनं शिकवलं होतं. तो म्हातारा म्हणायचा, चार्जिंगची लाल बत्ती लागली की समज, बिघाड. त्यांनी महिनाभर डोळ्यांत तेल घालून पाहिलं होतं. लाल बत्ती एकदाही लागली नव्हती.

"लाल बत्तीच लागत नाई," त्या चेतनाला म्हणाल्या. "मंग बिघाड कोठी शोधू?"

चेतना शेजारच्या सीटवर येऊन बसली. तिनं चाबी बंद केली, पुन्हा फिरवली, इंजिन सुरू न करता. थोडा वेळ डॅशबोर्डकडं पाहिलं. पुन्हा बंद, पुन्हा फिरवली.

"आई, एक विचारू का? नुसती चाबी फिरवली तवा ऑइलची बत्ती लागली. लाल कोन्ती तुमी म्हनता थे नाई लागली. माह्या बाबाच्या गाडीत चाबी फिरवली की आधी साऱ्या लागतात, अना इंजिन सुरू झालं की विझतात."

शामकलाबाई तिच्याकडं पाहतच राहिल्या. मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"मी इतकी वर्सं विझलेली पाहून खूश होऊन राहिलो, बाई! विझायच्या आधी थे लागाले पायजे ना!"

त्यांनी डॅशच्या खाली हात घातला. खांदा दुखत होता, तरी सोडलं नाही. बोटांनी चाचपत, वायर धरत त्यांनी लाल बत्तीचा बोराएवढा बल्ब ओढून बाहेर काढला. काच आतून काळी पडली होती. तार तुटलेली.

यादोरावचं अर्धंच बोलणं त्यांनी लक्षात ठेवलं होतं. बाकीचं अर्धं आता आठवलं. अल्टरनेटर आपोआप जागा होत नाही. चाबी फिरवली की याच बल्बातून जरासा करंट त्याच्याकडं जातो आणि त्याला उठवतो. बल्ब गेला की अल्टरनेटर धडधाकट असून झोपून राहतो, नुसता फिरतो. गॅरेजात गुड्डूनं हातानं वायर टेकवली म्हणून तो उठला. आणि रोशनची पिवळी वायरही तेच काम करत होती. तीच त्यांनी परकी म्हणून उपटून टाकली होती. हे आठवून त्यांना स्वतःचंच हसू आलं.

स्पीडोमीटरच्या मागं उजेडासाठी तसाच एक बल्ब होता. तो काढून लाल बत्तीच्या जागी लावला. चेतनानं चाबी फिरवली.

लाल बत्ती लागली. इंजिन सुरू झालं, जरा रेस दिली, आणि ती विझली. ओमेशच मीटर धरून उभा होता. "चौदा," तो म्हणाला. मग हेडलाइट लावायला सांगितले, आणि पुन्हा, "चौदाच आहे." आवाजात आनंद येऊ न देण्याचा त्यानं प्रयत्न केला, पण लहानपणी याच गाडीच्या मागच्या काचेतून धूळ पाहत तो शाळेत गेला होता, तो आनंद थोडा आलाच.

गुलाबचंद ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी आले. सोबत एक गवंडी आणि मोजायचा टेप होता. चहा होईपर्यंत गवंड्यानं गाडीची लांबी मोजायला घेतली. शामकलाबाई बाहेर आल्या.

"भाऊ, टेप गुंडाळा. गाडी द्याची नाई."

गुलाबचंदांनी ओमेशकडं पाहिलं. "अरे, आपलं बोलणं झालं ना?"

"तुमचं झालं असंल. गाडी माह्या नावानं आहे, तिले अना मले कोनी विचारलं नाई."

"वहिनी, जुनी वस्तू आहे, मानानं ठेवू आम्ही. फुलं-बिलं घालू."

"फुलं मेल्यावर घालते, भाऊ. थे चालून राहिली अजून."

ओमेश पुढं झाला. "आई, मी शब्द दिला आहे. माही का इज्जत राहील?"

"तुहा शब्द तू पाळ. तुही मोटरसायकल दे चढवून चबुतऱ्यावर." बाई थांबल्या, आणि जरा हळू म्हणाल्या, "ओमेश, मले थकली म्हनाले तू कोनाले विचारलं होतं? आधी पाहाचं असते, बापा, का खरंच मेलं आहे का नुसतं कोनी उठवलं नाई."

गुलाबचंदांनी चहा अर्धा टाकून गवंड्याला खूण केली. जाताना ते एवढंच म्हणाले की जगात अँबेसेडर काही ही एकटीच नाही. "नाई ना," बाई म्हणाल्या, "दुसरी पाहा."

त्यांची गाडी वळणावर दिसेनाशी झाली तशी शामकलाबाईंनी किल्ली काढली आणि चेतनाच्या हातात ठेवली.

"गोरेगावचा बाजार आहे आज. चाल."

चेतनानं नवऱ्याकडं पाहिलं नाही. तिनं लाल अक्षरातला 'एल' पुढच्या आणि मागच्या काचेला चिकटवला, सीट पुढं ओढली आणि स्टेअरिंगच्या चाकामागं बसली. ते चाक तिच्या मानानं फारच मोठं होतं. बाई शेजारी बसल्या. बांधीवरच्या वाटेनं, धानाची रोपं लावणाऱ्या बायांच्या ओळीशेजारून गाडी डोलत निघाली. दोन बायांनी कंबर सरळ करून हात हलवला. चेतनानं घाबरून हलवला नाही. चाक सुटेल असं तिला वाटत होतं.

बाजाराच्या चौकात, नेमकी एसटी समोरून येत असताना, चेतनाकडून गाडी बंद पडली.

मागं मोटरसायकली साचल्या. हॉर्न सुरू झाले. भाजीच्या पाट्यांवरून माणसं माना वळवून पाहू लागली. एक जण खिडकीशी वाकला आणि शामकलाबाईंना म्हणाला, "काकू, तुमी घ्या ना हातात! पोरीले कायले बसवलं?"

शामकलाबाईंनी हात मांडीवरच ठेवले. उत्तर द्यायला तोंड उघडलं तेवढ्यात चेतनाच बोलली.

"थांबा जी," ती त्या माणसाला म्हणाली, आणि या वेळी आवाज बारीक नव्हता. "मी शिकून राहिली. घाई असंल त बाजूनं जा."

मग तिनं क्लच दाबला, गिअर मोकळा केला आणि चाबी फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्यात उठलं. एसटीच्या ड्रायव्हरनं बस जरा मागं घेतली, आणि चेतनानं ती लांबरुंद पांढरी गाडी चौकातून काढून बाजाराच्या अंगाला नेली.